यंदाच्या येळवसबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर आई, तू मला अर्ध्यातच थांबवलं असतंस, आणि बाबा, तुम्ही ‘बरं, बघू’ म्हणून फोन तिच्याकडे दिला असता. म्हणून लिहितेय. आधी सगळं वाचा, मग रागवा.

यंदा येळवसचा, मार्गशीर्ष अमावास्येच्या आपल्या शेतातल्या पूजेचा आणि पंगतीचा, सगळा स्वयंपाक आई करणार नाही. हे ठरलंय. आत्याला फोन झाला, बाजरीचे उंडे आणि भाकरी ती निलंग्याहून करून आणतेय. तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या पोळ्या लातूरच्या मामीकडे. खिचडा धाकट्या काकूंकडे. भज्जी, ती ओल्या दाण्यांची आणि पाल्याची पीठ लावलेली भाजी, मी करणार. आई, तुझ्याकडे फक्त आंबिल. ज्वारीचं पीठ आदल्या दिवशीच ताकात भिजतं, बसल्या बसल्या होतं, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला जमत नाही.

तुला न विचारता हे फोन केले, त्याचं मलाही बरं वाटत नाही. पण विचारलं असतं तर तू ‘मला काय झालंय?’ म्हणाली असतीस. मागच्या वर्षी पहाटे तीनला उठलीस आणि चुलीपुढे चक्कर येऊन बसलीस. बाबांनी मला ते चौथ्या दिवशी सांगितलं, तेही हरभऱ्याच्या भावाचं बोलता बोलता. मी इथे हैदराबादला होते. लेकराला ताप होता, रजा शिल्लक नव्हती, हे सगळं खरं आहे आणि तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. तरी चाळीस माणसांचं जेवण तू एकटीनं केलंस आणि मी नव्हते, हे वर्षभर मनातून गेलेलं नाही.

त्या दिवशी इथे काय झालं ते तुम्हाला सांगितलंच नव्हतं.

मी इथे भज्जी करायला घेतली होती. तुरीचे दाणे मिळाले, पावट्याचे मिळाले, सोलाणा, म्हणजे ओला हरभरा, मिळाला नाही. चुक्याचा पाला शोधत दोन बाजार फिरले. सगळं तुझ्यासारखंच व्हायला हवं होतं. पीठ लावताना गुठळ्या झाल्या आणि मी अख्खं पातेलं ओतून दिलं. पुन्हा केली, तर ती तळाला लागली. मग ओट्याला टेकून रडत बसले. तेवढ्यात शेजारच्या काकू दारात. मूळच्या बीदरकडच्या. त्यांच्या हातात ज्वारीचे कडबू आणि झाकलेला डबा. डबा उघडला तर आत भज्जी!

आई, त्यांच्याकडेही हाच सण असतो. एळ्ळ अमावास्या म्हणतात. कानडीत एळ्ळू म्हणजे तीळ. इतकी वर्षं आपण तिळाच्या पोळ्या करतो, मी कधी विचारलंच नव्हतं का करतो ते. त्यांचीही शेतात पूजा, शेतातच पंगत. मी आपलं ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ म्हणून दाखवलं, तर त्यांनी त्यांचं म्हटलं. शब्द जरा वेगळे, चाल तीच. मला एकदम तू दिसलीस, पदर खोचून शेतातल्या पाच दगडांच्या पांडवांपुढे उभी.

त्यांच्या भज्जीत सोलाणा नव्हता, पीठही आपल्यापेक्षा पातळ. तरी मी तीन वाट्या खाल्ली. आणि मग त्यांनी माझी लागलेली भज्जी वरवरची काढून घेतली, बसून जेवल्या. मी ‘ती नका घेऊ’ म्हणत राहिले. त्या म्हणाल्या, घरी आईची अशीच लागायची, चूल मोठी होती.

तेव्हापासून मी ताटाकडे वेगळं बघायला लागले. आपली अंबाडी, त्यांची पुंडी आणि खालच्या मजल्यावरच्या तेलुगू वहिनींचा गोंगूरा, पाला तोच. आपण त्यात कण्या घालतो, वहिनी तिची चटणी करून लाल मिरचीत मुरवतात. आपलं आंबिल, त्यांची अंबली. बाबा, तुम्ही नेहमी सांगता ना, 1956 पर्यंत औसा, बीदर, गुलबर्गा, हैदराबाद एकाच राज्यात होतं, मग भाषेवरून वाटण्या झाल्या. आजोबांची शाळाही उर्दूत झाली. लहानपणी मला ते धड्यासारखं वाटायचं. आता रोज जेवताना आठवतं. आणि या तिन्ही घरांत एकाचीही चव दुसऱ्यासारखी नाही. कुणाची बरोबर म्हणायची?

म्हणून त्या काकूंना आणि त्यांच्या यजमानांना मी यंदा आपल्या शेतात बोलावलंय. हे दुसरं ठरलेलं. आई, ‘लोक काय म्हणतील, भाकरी जाड झाली तर’ असं मनात आणू नकोस. ते दोघंही साधे आहेत, चहा कमी साखरेचा घेतात, जमिनीवर बसायला अडचण नाही. पांघरुणं मी घेऊन येतेय, तू माळ्यावरच्या गाद्या काढायच्या नाहीत. मागच्या खोलीत झोपतील, बाथरूमही जवळ पडतं.

तुझ्या हाताची सर कुणालाच येणार नाही आई, मला तर नाहीच. पण मी इतकी वर्षं स्वयंपाकाला घाबरले, कारण तुझ्यासारखं झालं नाही की माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. यात तुझा काही दोष नाही. तू मला कधी नावं ठेवली नाहीस. तू फक्त मोडलेल्या पोळ्या फडक्याखाली सगळ्यात तळाशी सारायचीस आणि शेवटी स्वतः खायचीस. मी ते बघायचे. पाहुण्यांना अख्ख्या, तुला मोडक्या. मला वाटायचं, मोडलेलं लपवायचंच असतं.

बाबा, बैलगाडी आठवते का? तुम्ही डोक्यावर घोंगडं आणि आंबिलाचं मडकं घेऊन पुढे चालायचात आणि मी गाडीत कडब्यावर उताणी पडून आभाळ बघायचे. संध्याकाळी तुम्ही हेंडगा, ती गवताची मशाल, पेटवून पिकाभोवती फिरायचात आणि मी तुमच्या धोतराचा सोगा धरून मागे पळायचे. मला अजून तो वास येतो.

आता नीट ऐका. बाबा, मडकं यंदा दादा उचलेल. तुम्ही नुसते पुढे चाला. ढेकळांतून जायचं नाही, बांधावरून यायचं, आणि काठी घेऊनच. आई, बीपीची गोळी सकाळी नाश्त्यानंतर लगेच, ‘पूजा झाल्यावर घेते’ चालणार नाही. पितळी पातेलं फळीवरून स्टुलावर चढून काढायचं नाही, मी आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचते, मी काढेन. शेतातल्या कडब्याच्या कोपीत उशी ठेवायला सांगितलंय, जेवून तिथेच आडवी हो. आणि तीनला उठायचं नाही. सहाला उठ. उशीर झाला तर होऊ दे. त्या दिवशी लातूर निम्मं रिकामं असतं, सगळेच आपापल्या शेतात, कुणाला कुठे जायची घाई असते?

माझ्या भज्जीत गुठळ्या झाल्या तर हसू नकोस, आणि नीट करायला उठूही नकोस. नुसती वाढून घे.

मामीला पोळ्या थोड्या जास्तच करायला सांगितल्यात. प्रवासात काही मोडतीलच. त्या तळाशी सारू नकोस आई, वर ठेव. पहिली मला वाढ.

तुमची धाकटी