हिशेब लागत नाही तेव्हा

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आई म्हणालीस, "आता माझ्याच्यानं हिशेब होत नाही, वही बंद करून टाकते." तेव्हा मला काही बोलता आलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र चैन पडेना, म्हणून सविस्तर लिहितेय. बाबांच्या दोन प्रश्नांची उत्तरंही द्यायची राहिली आहेत.

ती आधी देते. बाबा, पहिला प्रश्न, मी घरखर्चाच्या हिशेबाची ही जी संगणकावरची सेवा चालवते, तिच्यात लोकांचे पैसे माझ्याकडे असतात का. नसतात, एक पैसुद्धा नाही. बँकेचा पासवर्डही आम्ही कुणाकडे मागत नाही. लोक आपले आकडे स्वतः भरतात, किंवा बँकेचं स्टेटमेंट डाउनलोड करून आमच्याकडे चढवतात. आम्ही त्याची घरभाडं, वीज, औषधं, फी अशी वर्गवारी लावतो आणि महिनाअखेर हातात काय राहील ते दाखवतो. दुसरा प्रश्न, वर्गणी कशाला घेतेस, फुकट दे की. मिंट नावाची अशीच एक सेवा २००७ साली सुरू झाली. वापरणाऱ्याला ती मोफत होती. कमाई व्हायची ती कार्डं, कर्जं वगैरेंची शिफारस करून. २००९ मध्ये ती इंट्यूट कंपनीनं विकत घेतली आणि २०२४ च्या सुरुवातीला बंद झाली. लोकांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी तिच्यात होत्या. मला कुणाला काही विकायचं नाही, म्हणून वर्गणी घ्यावी लागते. आणि सगळ्या नोंदी केव्हाही उतरवून घेण्याची सोय पहिल्या दिवसापासून ठेवली आहे. उद्या मी थांबले तरी ज्याची वही त्याच्याकडे राहील.

आता आई, तुझं.

तुझी वही मला अजून दिसते. पेन्सिलीनं लिहिलेली, दुमडून जाड झालेल्या कोपऱ्यांची. महिन्याच्या शेवटच्या पानावर सगळी बेरीज झाली की खाली एक ओळ असायची: "लागत नाही", आणि पुढे रक्कम. ती रक्कम तू कधी "किरकोळ"मध्ये ढकलली नाहीस. बाबांना ती ओळ सहन व्हायची नाही. ते चष्मा लावून वही पुढ्यात ओढायचे आणि मला म्हणायचे, "फरकाला नवानं भाग जातो का बघ." ३८२ च्या जागी ८३२ लिहिलं गेलं तर फरक ४५० पडतो, म्हणजे पन्नास नवे. शेजारचे दोन आकडे उलटे पडले की फरक नेहमी नवाच्या पाढ्यातच येतो, हे मी शाळेत नाही, त्या वहीवर शिकले. नवानं भाग गेला नाही तर फरकाचं निम्मं करायचं आणि तेवढीच रक्कम शोधायची, कारण जमेची नोंद खर्चात गेली की फरक दुप्पट होतो.

बाबा, तुमच्या या दोन्ही खुणा मी जशाच्या तशा सेवेत घातल्या आहेत. कुणाची शिल्लक जुळली नाही की संगणक आधी फरकाला नवानं भागून बघतो, मग निम्म्या रकमेची नोंद शोधतो, आणि संशयाची ओळ पिवळी करून दाखवतो. दुरुस्त मात्र ज्याची त्यानं करायची. आपोआप दुरुस्त केलं की माणूस आपल्याच हिशेबाला परका होतो, असं मला वाटतं.

संगणक बेरजेत चुकत नाही, असा तुमचा समज आहे ना? अपूर्णांकात तो अडखळतो. ०.१ आणि ०.२ त्याच्या नेहमीच्या पद्धतीनं मिळवले तर उत्तरात सतराव्या स्थानावर एक चार उगवतो. म्हणून आम्ही प्रत्येक रक्कम सर्वांत लहान नाण्यात, पूर्णांकातच ठेवतो. आणि शंभर तिघांत वाटले तर एकाच्या वाट्याला ३३.३४ येतात, ते कुणाच्या हे आधी विचारतो. मधल्यामधे काही गळू देत नाही.

तरी फेब्रुवारीत माझ्याकडून मोठी चूक झाली. तेव्हा तुम्हाला सांगितलं नव्हतं. दर महिन्याच्या ३१ तारखेला येणारा खर्च प्रोग्रामनं फेब्रुवारीत शोधला, ३१ तारीख सापडली नाही, आणि मुकाट्यानं तो खर्च सोडून दिला. शिल्लक खरीपेक्षा जास्त दिसली. एका गृहस्थांनी लिहिलं, "तुमच्या आकड्यावर विसंबून मी खर्च केला, आणि हप्ता गेल्यावर खात्यात काही राहिलं नाही." ते वाचून माझे हातपाय गार पडले. त्याच रात्री ज्यांच्या ज्यांच्या नोंदी सुटल्या होत्या त्या प्रत्येकाला पत्र लिहिलं, काय चुकलं ते स्पष्ट सांगितलं. आता ती तारीख त्या महिन्यात नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस धरला जातो. पण तेव्हापासून न जुळलेल्या हिशेबाची मला भीती वाटत नाही, आई. चुकलेला असून जुळल्यासारखा दिसणारा हिशेब फार वाईट. तुझी ती ओळ त्याच रात्री मला आठवली.

जपानमध्ये हानी मोतोको नावाच्या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चाची वही छापली, काकेइबो म्हणतात तिला. उरेल तेवढं वाचवायचं असं नाही. वाचवायचं किती ते महिन्याच्या आरंभीच ठरवायचं, ही तिची रीत. ती मी घेतली. पण मला लिहिणारी माणसं खर्च जास्त झाला म्हणून वही सोडत नाहीत. चार दिवस नोंद राहते, मग शिल्लक जुळत नाही, मग लाज वाटते, आणि महिनाभर ती पान उघडत नाहीत. त्यांच्यासाठी मी एक बटण ठेवलंय. त्यावर लिहिलंय "लागत नाही". ते दाबलं की फरकाची रक्कम त्या नावानं नोंदली जाते आणि पुढचा महिना खऱ्या शिल्लकेनं सुरू होतो. कुणी विचारलं तर सांगते, हे माझ्या आईचं आहे.

तेव्हा वही बंद करू नकोस. औषधांचा आणि विजेचा खर्च तेवढा लिही, बाकीच्याला एकच ओळ पुरे. बाबा, अक्षरं बारीक दिसतात म्हणालात, म्हणून आकडे मोठे करण्याची सोय या आठवड्यात चढवली आहे. एक काम करा: एखादी रक्कम मुद्दाम उलटी भरा आणि ओळ पिवळी होते का ते मला कळवा.

तुमची,
लेक