‘एकटंएकटं’ असंच लिहू ना?

ताई,

हे पत्र मी थेट तुमच्या हातात देऊ शकलो असतो. पण जे स्वतः लिहितात आणि दुसऱ्यांना लिहायला शिकवतात, त्यांच्याही नजरेखालून ते जावं असं वाटलं, म्हणून चारचौघांत लिहितो आहे. तुम्हाला संकोच वाटेल हे ठाऊक आहे. तेवढं या एका वेळी सहन करा.

तुम्ही शाळेत आलात त्या सकाळी मी मनातल्या मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवत होतो. दहा वर्षं मी पदव्युत्तर वर्गाला कथालेखन शिकवलं होतं, आणि चौथीच्या मुलांसमोर दीड महिन्यात माझ्याजवळचं सगळं संपलं होतं. मला तिथे पाठवणाऱ्यांनी जाताना एवढंच सांगितलं होतं, “एम.ए.च्या मुलांना शिकवता, ही तर लहान पोरं.” नंतर त्यांच्यापैकी कुणी वर्गाच्या दारातही आलं नाही. एकजण आले, ते मुलांचे निबंधाचे गुण वाढले का हे विचारायला. मदत मागितली तर हसले. ते हसू मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरायचं कारणही दिसत नाही.

चूक माझीही होती. मी ज्या पद्धतीत वाढलो तीच वर्गात घेऊन गेलो. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९३६ साली लेखनाची कार्यशाळा सुरू झाली आणि त्या वळणावर पुढे ठिकठिकाणी वर्ग निघाले. त्यांतल्या पुष्कळांनी एक रीत धरली: ज्याचं लेखन चर्चेला आहे त्यानं गप्प बसायचं, बाकीच्यांनी बोलायचं. माझी पहिली कथा अशीच टेबलावर आली होती. मी पाऊण तास ओठ मिटून बसलो. शेवटी आमच्या सरांनी माझ्या पहिल्या परिच्छेदावर फुली मारली आणि शेजारी त्यांचा स्वतःचा परिच्छेद लिहून दिला. तो माझ्यापेक्षा चांगला होता. पुढची तीन वर्षं मी काही लिहिलं नाही.

आणि तेच मी नऊ वर्षांच्या एका मुलीला केलं. तिची गोष्ट वाचली, तिला गप्प बसायला सांगितलं, वर्गाला विचारलं, “काय खटकलं?” मुलं आज्ञाधारक असतात, त्यांना भरपूर खटकलं. तिनं वही दप्तरात घातली, ती माझ्या तासाला पुन्हा बाहेर निघाली नाही.

तुम्ही आलात तेव्हा फळ्यावर ‘कुत्रा’ आणि ‘कपाट’ असे दोन शब्द होते. इटलीतले मुलांसाठी लिहिणारे जान्नी रोदारी असे एकमेकांशी संबंध नसलेले दोन शब्द शेजारी ठेवत आणि त्यांच्या टकरीतून गोष्ट निघू देत. मी शब्द त्यांचेच घेतले, पण खाली ‘दहा ओळी, वेळ पंधरा मिनिटं’ असंही लिहिलं. खेळाची परीक्षा करून टाकली. तुम्ही फळ्याकडे पाहिलंत, मला काही बोलला नाहीत, आणि शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाशेजारी जाऊन बसलात.

त्याला लिहिता येत नाही असं मला सांगण्यात आलं होतं. अक्षरं उलटी पडायची, ओळ मध्येच सुटायची. मी त्याला चित्र काढायला बसवत असे, म्हणजे तो गप्प राहायचा. तुम्ही त्याला म्हणालात, “कपाट राहू दे. कुत्र्याचं सांग, मी लिहून घेते.” तो सांगू लागला. त्यांच्या गल्लीत एक पिल्लू आलं होतं, रात्री थंडी होती. मी मागे उभा राहून ऐकत होतो. तो म्हणाला, “ते एकटंएकटं भुंकत होतं.”

माझ्या तोंडून ‘एकटंच’ जवळजवळ निघालंच होतं.

तुमची पेन्सिल थांबली. तुम्ही त्याच्याकडे वळून विचारलंत, “‘एकटंएकटं’ असंच लिहू ना?”

त्यानं बराच वेळ घेतला. त्याला कधी कुणी असं विचारलंच नसावं. मग म्हणाला, “हो. ते दोनदा एकटं होतं. एकदा त्याची आई नव्हती म्हणून. आणि एकदा आम्ही दार उघडलं नाही म्हणून.”

तुम्ही ‘वा’ म्हटलं नाहीत. डोक्यावरून हात फिरवला नाहीत. त्यानं सांगितलं तसं लिहिलंत, खाली त्याचं नाव घातलंत आणि कागद त्याच्यापुढे सरकवून म्हणालात, “तपासून घे. माझ्याकडून काही सुटलं असेल.” त्यानं बोट ठेवून एकेक शब्द वाचला. ज्याला वाचता येत नाही असं आम्ही धरून चाललो होतो, त्यानं तुमची एक चूक काढली. तुम्ही ‘पिल्लू’ लिहिलं होतंत, तो ‘पिलू’ म्हणाला होता. तुम्ही दुरुस्त केलीत.

परतीच्या वाटेवर तुम्ही केनेथ कोक यांच्याबद्दल सांगितलंत. कोलंबिया विद्यापीठात शिकवणारा हा कवी १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्राथमिक शाळेत मुलांना कविता लिहायला शिकवू लागला, आणि पुढे वृद्धाश्रमातही गेला. तिथे अनेकांना पेन धरवत नव्हतं, म्हणून ते सांगत आणि कोक व त्यांचे सोबती उतरवून घेत. हे मी पूर्वी वाचलं होतं, पण विद्यापीठ, शाळा आणि वृद्धाश्रम अशी तीन वेगळी कामं म्हणून. तुमच्या पेन्सिलकडे पाहिल्यावर ते एकच काम आहे हे लक्षात आलं. तंत्र बदलतं, हे खरंच. चौथीच्या मुलाला निवेदकाचा दृष्टिकोन समजावून सांगायची गरज नसते, एम.ए.च्या विद्यार्थ्याला असते. पण त्याचा शब्द हलवण्याआधी त्याला विचारायचं, हे दोन्हीकडे सारखंच.

विद्यापीठातल्या वर्गात मी आता फुली मारत नाही. ज्याची कथा असेल त्यालाच आधी बोलायला लावतो: तुला कुठे शंका आहे, कशाला हात लावायचा नाही? चर्चा लांबते, कधी भरकटते. पण सगळे पुन्हा लिहून आणतात. प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गात, म्हातारपणी अक्षरओळख झालेल्या एका बाईंचं मी असंच उतरवून घेतलं. वाचून दाखवल्यावर म्हणाल्या, “हे माझंच आहे की.” आणि वहीचं ते पान माझ्याकडून फाडून घेऊन गेल्या.

ताई, या क्षेत्रात हुशार माणसं मला कमी भेटली नाहीत. कुणी आपलं वाक्य दुसऱ्याच्या वहीत घुसवतं, कुणी विद्यार्थ्याच्या यशावर आपली मोहोर उठवतं. तुमच्या नावावर इतकी पुस्तकं आहेत, आणि त्या दिवशी तुम्ही नऊ वर्षांच्या मुलाची लेखनिक झालात, तेही असं की वर्गात कुणाला त्यात काही विशेष वाटू नये. इतका साधा सभ्यपणा मला माझ्या शिक्षणाच्या एवढ्या वर्षांत कुणी दाखवला असता, तर ती तीन वर्षं वाया गेली नसती. हे लिहिताना अजून घसा दाटतो.

त्या मुलीची माफी मी वर्गासमोर मागितली. वही अजून बाहेर आलेली नाही. मी वाट पाहतो आहे, विचारत नाही.

आणि त्या मुलानं या आठवड्यात चार ओळी स्वतःच्या हातानं लिहिल्या. अक्षरं अजून उलटी पडतात. तुमच्यासाठी नक्कल सोबत ठेवली आहे, एकही अक्षर न बदलता. तिसऱ्या ओळीतला एक शब्द मला लागला नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, “ताईंना कळेल.”

तुमचा,
शेवटच्या बाकामागे उभा असलेला