शुक्रवारचा बाजार आणि तुझे बाबा

बांदा,
शनिवार रात्र

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबांशी बोलायला गेलो की दोन मिनिटांत सगळं संपतं. जेवलात का? जेवलो. गोळी घेतलीत? घेतली. मग ठेवू?" काकी, तुझी आई, गेल्यापासून तुमचं हे असंच चाललंय, हे ऐकून मला वाईट वाटलं, पण त्या वेळी बोलायला काही सुचलं नाही. काल गोव्यात म्हापशाच्या बाजारात बसलो असताना सुचलं. फोनवर सांगायला गेलो तर गडबडेन, म्हणून लिहितोय.

नोकरी सुटल्यापासूनचा हा माझा चौथा मे. शुक्रवारी पहाटे चारला उठून आई आणि मी सोलांची, म्हणजे कोकमाच्या सुक्या सालींची पोती, आगळाच्या (कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या) बाटल्या, थोडं मुठेल (कोकमाच्या बियांचं तेल) टेम्पोत चढवतो. पत्रादेवी, पेडणं, कोलवाळचा पूल करत उजाडेपर्यंत म्हापशात. सध्या तिथे पुरुमेंताची गर्दी आहे. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी, शब्द पोर्तुगिजांकडून आलेला. सुकी मासळी, मिरची, चिंच, सोलं, मीठ, सगळं जून लागायच्या आत घरात पडायला हवं. म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्तापासून (जत्रेपासून) हे सुरू होतं. शिरगावच्या लईराई देवीची ती बहीण मानतात, म्हणून तिला तेल वाहायला हिंदूही रांगेत असतात. त्या रांगेतून सुटलेली माणसं पिशव्या घेऊन थेट आमच्यासमोर येतात.

पहिल्या वर्षीची एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. लाज वाटत होती. सोलं कशी करतात ते तू आमच्या खळ्यात पाहिलंयस. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, साल वेगळी करायची, मिठाच्या रसात बुडवून उन्हात घालायची, वाळली की पुन्हा रस. आई चार पुटं दिल्याशिवाय सोल विकायला काढत नाही. त्या वर्षी मेच्या मध्यावर वळीव आला आणि अर्ध्या मालाला दोनच पुटं बसली. मी काय केलं, काळी, मऊ, चार पुटांची सोलं वर रचली आणि फिकी खाली दडवली.

सत्तरीची, झगा घातलेली एक ख्रिस्ती बाई आली. भाव विचारला नाही. सरळ कोपरापर्यंत हात ढिगात घातला, तळाची मूठ काढली, एक सोल बोटांत मोडून पाहिलं आणि म्हणाली, "वयर सगळेच बरें दवरतात, पुता." वर सगळेच चांगलं ठेवतात. आवाजात राग नव्हता. ती ओरडली असती तर मी वाद घातला असता, इतका मी तेव्हा कडवट झालो होतो. पण तिने पुढे विचारलं, पाऊस आला होता का? मग मी सगळं सांगून टाकलं. वळीव, ताडपत्री कमी पडली ते, घरचा हप्ता थकला होता तेसुद्धा. ती उभ्या उभ्या ऐकत होती. तिची आई पाऊस आला की चुलीवरच्या माळ्यावर सोलं टांगायची, हेही तिने सांगितलं, आणि दोन्हींतली पाव-पाव किलो घेऊन गेली. पुढच्या शुक्रवारपासून मी दोन ढीग लावतो, दोन भाव सांगतो. फिका ढीग खानावळवाले आधी उचलतात.

बाजारात आणखी बरीच माणसं भेटतात. शेजारी बेळगावकडची भाजीवाली बसते. तिची मराठी आणि माझं मालवणी यांतून आम्ही एकमेकांची घरं आता ओळखतो. पण तुला सांगायचं आहे ते एका गृहस्थांबद्दल.

गेल्या ऑक्टोबरात ते पहिल्यांदा आले. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी आणि चिठ्ठी. विचारलं, "सहा बांगड्यांना सोलं किती लागतात?" मी गडबडीत म्हणालो, "चवीप्रमाणे घाला." त्यांनी मान हलवली आणि न घेताच निघून गेले. दिवसभर मला ते टोचत राहिलं. चवीप्रमाणे हे ज्याला येतं त्याला सांगायचं असतं. ज्याच्या घरात चव ठरवणारं माणूसच उरलं नाही, त्याने काय करायचं?

पुढच्या शुक्रवारी ते पुन्हा दिसले तेव्हा मीच हाक मारली. पाच सोलं घाला, उकळी आली की चाखा, सोलांत मीठ असतं म्हणून वरचं मीठ अगदी शेवटी. त्यांनी चिठ्ठीच्या मागे लिहून घेतलं. त्यानंतरच्या शुक्रवारी येऊन म्हणाले, खारट झालं. मग माशाच्या कालवणात वासाला घालतात त्या तिरफळांचा विषय निघाला. "घातली, पण तिच्या हातासारखा वास येत नाही." मी विचारलं, आतली काळी बी काढली होती का? काढली नव्हती. ते हसले, आणि मग पहिल्यांदा स्वतःहून म्हणाले, जानेवारीत गेली ती. डब्यांवर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत, तिरफळाच्या डब्यावर मात्र नाही, म्हणून तो डबा सापडायलाच आठ दिवस लागले. त्यांच्या बायकोबद्दल मी एक शब्दही विचारला नव्हता, फक्त बांगड्यांबद्दल विचारत होतो.

काल ते आले ते एक किलो सोलं घ्यायला. पुरुमेंताची. "पावसाळाभर लागतील," म्हणाले.

म्हणून सांगतो, "जेवलात का" विचारू नकोस. तो वरचा थर आहे, तिथे काका "जेवलो" असंच म्हणणार. आज आमटीत काय घातलं ते विचार. काकी सोलकढीला नारळ किती घ्यायची, ते विचार. त्यांना आठवत नसेल तर तेही ते सांगतील. आणि तुला खरंच माहीत नाही, हे त्यांना कळू दे.

सोमवारी आमचा एक गाववाला पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर दोन पुड्या पाठवतो. एक तुझी, एक काकांना पोचव. चार पुटांची आहेत, तळापर्यंत. त्यांच्या पुडीत मी काहीही लिहून ठेवलेलं नाही. किती घालायची ते तू त्यांना फोन करून विचार.

आईने तुला आठवण सांगितली आहे.

तुझाच,
बांद्याचा मित्र