सुहासला पत्र: दोन हिऱ्यांपैकी कुठला?

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

दुसरा घे, ०.९२ कॅरेटचा. तुझ्या लांबलचक पत्राचं उत्तर खरं तर एवढंच आहे. पण नुसतं एवढं कळवलं तर तू रात्री फोन करून 'का?' म्हणून डोकं खाशील, म्हणून सविस्तर लिहितो. माझी सगळी नोकरी हिरे निवडण्यात गेली, तेव्हा या एका विषयात तरी माझं ऐक.

पहिल्या खड्यावर तुझा जीव का जडलाय ते कळतं. बरोब्बर एक कॅरेट, रंग डी, शुद्धता (म्हणजे आत दोष किती) आयएफ. रंगात सगळ्यात वरची श्रेणी आणि शुद्धतेत वरून दुसरी. विकणाऱ्याने हेच तुझ्यापुढे नाचवलं असणार. त्याच सर्टिफिकेटवर कटपुढे, म्हणजे घडाईपुढे, 'गुड' लिहिलंय, त्यावरून मात्र तुझी नजर घसरून गेली. गोल हिऱ्याच्या कटला पाच श्रेणी असतात: एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. म्हणजे हा मधला. दुसऱ्या खड्याचा रंग जी, शुद्धता व्हीएस२, पण कट एक्सलंट.

आता दोन्ही कागद शेजारी ठेव आणि मापांची ओळ वाच. पहिला: ६.२१ ते ६.२४ मिलिमीटर रुंद, ४.०८ खोल. दुसरा: ६.२५ ते ६.२८ रुंद, ३.८५ खोल. दिसलं? वजनाने कमी असलेला हिरा वरून किंचित मोठा आहे! कॅरेट हे वजन आहे, आकार नव्हे. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्याचे १०० सेंट. पहिल्यातले जास्तीचे आठ सेंट त्याच्या पोटात आणि जाड कडेत दडलेत. अंगठीत बसवल्यावर ते कुणाला दिसणार नाहीत, पण पैसे तू त्यांचेही मोजणार. नीट घडवलेला एक कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटरचा असतो. हा तेवढा भरत नाही, यातच सगळं आलं.

असं का घडवतात? ०.९८ आणि १.०० यांत डोळ्याला काडीचा फरक कळत नाही, पण एकचा आकडा ओलांडला की दर कॅरेटमागचा भाव उडी मारतो. म्हणून कच्च्या खड्यातून एक कॅरेट कसाबसा राखायचा, मग पोट सुटलं तरी चालेल, असा हिशोब होतो. त्यात फसवणूक नाही, कागदावर सगळं छापलेलं आहे. वाचायचं आपण.

बिघडतं कुठे, तर प्रकाशात. हिऱ्यात शिरलेला किरण खूप वळतो. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे किरण किती वळवतो त्याचं माप, २.४२ च्या आसपास, काचेचा साधारण दीड. त्यामुळे आतून एखाद्या पैलूवर किरण साडेचोवीस अंशांहून जास्त तिरका आदळला की त्याला बाहेर पडता येत नाही, तो पूर्ण परावर्तित होतो. खालच्या पैलूंचा कोन एक्केचाळीस अंशांच्या आसपास असला की किरण वरून आत येतो, एका बाजूवर आपटतो, समोरच्या बाजूवर आपटतो आणि पुन्हा वर तुझ्या डोळ्यांत येतो. पोट फार खोल झालं की तो खालूनच निसटतो आणि हिरा मधोमध काळवंडतो. फार उथळ झालं तर कडेचं फिकट वर्तुळ आत दिसायला लागतं. मार्सेल टोल्कोव्हस्की नावाच्या, हिरे घडवणाऱ्या घराण्यातल्या इंजिनिअरने १९१९ मध्ये या कोनांचं गणित मांडलं. आजचे गोल हिरे थोड्याफार फरकाने त्याच वाटेने जातात. रंग आणि शुद्धता निसर्गाने दिलेली. कट तेवढा माणसाच्या हातचा, आणि हिऱ्याचं पाणी मुख्यतः त्यावर ठरतं.

पटत नसेल तर कोहिनूरचं बघ. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात लोकांनी तो पाहायला गर्दी केली आणि बरेच जण नाराज होऊन परतले, कारण तो म्हणावा तसा चमकतच नव्हता. पुढच्याच वर्षी तो नव्याने घडवला आणि १८६ कॅरेटांवरून १०५.६ वर आला. इतकं वजन घालवायला नको होतं असं तेव्हाही लोक म्हणाले. घडवून घेणाऱ्यांना वजनापेक्षा तेज हवं होतं.

आता रंगाबद्दल, कारण 'जी म्हणजे पिवळट दिसेल का' ही तुझी खरी धास्ती. बिनरंगी डीपासून फिकट पिवळ्या झेडपर्यंत ही मोजपट्टी आहे. बहुतेक हिऱ्यांतला पिवळेपणा नायट्रोजनचा. डीच्या आधीची अक्षरं का नाहीत? कारण ही मोजपट्टी येण्यापूर्वी ज्याला जसं वाटेल तसं ए, डबल ए, ट्रिपल ए लावायची पद्धत होती. त्या गोंधळाला कंटाळून अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेच्या रिचर्ड लिडिकोट यांनी १९५३ मध्ये कोरी सुरुवात केली. टेबलावर हा रंग कसा पाहतात तेही सांगतो. पांढऱ्याशुभ्र घडीत खडा पालथा, म्हणजे टोक वर करून ठेवतात, शेजारी ठरलेल्या रंगांचे नमुन्याचे खडे, आणि कडेने बघतात. उलथा का? सुलटा ठेवला की त्याच्या चमचमाटात रंग हरवतो. तुम्ही तर तो सुलटाच घालणार. माधवीवहिनींच्या बोटावर जी आणि डी शेजारी ठेवले तरी तुला ओळखता येणार नाहीत, आणि अंगठी पिवळ्या सोन्याची असेल तर आय किंवा जेसुद्धा खुलून दिसतो. प्लॅटिनम किंवा पांढरं सोनं असेल तर जी-एच पुरे.

शुद्धतेचंही तसंच. ही श्रेणी दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून ठरवतात. व्हीएस२ मधला दोष त्या भिंगातूनही शोधावा लागतो, नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. सर्टिफिकेटवर खड्याचा छोटा नकाशा असतो, त्यात खुणा केलेल्या असतात. दुसऱ्या खड्यातली खूण कडेजवळ आहे, म्हणजे अंगठीत खडा धरून ठेवणाऱ्या नखीखाली झाकता येईल. एकच बघ: ती पिसासारखी चीर असून थेट कडेपर्यंत आलीय का? तसं असेल तर बसवताना किंवा पुढे कधी धक्का लागला तर तिथे टवका उडू शकतो. नुसता स्फटिक अडकलेला असेल तर बिनघोर घे. मला स्वतःला असे खडे आवडतात. दीडशे किलोमीटरहून जास्त खोलवर हिरा तयार होताना गार्नेटचा किंवा दुसऱ्या खनिजाचा कण त्यात अडकलेला असतो, आणि भूशास्त्रज्ञ अशाच कणांवरून हिऱ्याचं वय काढतात. आयएफ हिऱ्याला विचारलं तर तो काहीच सांगणार नाही!

दुकानात गेल्यावर दिव्याखाली निर्णय घेऊ नकोस. वर जे टोकदार प्रकाशाचे दिवे लावलेले असतात त्यांच्याखाली काचसुद्धा नाचते. आधी खडा पुसून घे. हिऱ्याला तेलकटपणा चटकन चिकटतो आणि बोटाचा एक ठसा त्याचं तेज उतरवतो. मग चिमट्यात धरून खिडकीपाशी ने, नंतर टेबलाच्या सावलीत धर आणि हळूहळू डोलव. चांगल्या कटमध्ये काळे-पांढरे तुकडे सगळीकडे एकसारखे लखलखतात, मधे मेलेली जागा राहत नाही. दोन्ही खडे असेच एकामागून एक बघ. माझ्या पत्रापेक्षा तुझे डोळे तुला जास्त सांगतील.

फ्लुरोसन्सपुढे, म्हणजे अतिनील प्रकाशात खडा किती उजळतो त्यापुढे, 'फेंट' लिहिलंय म्हणून घाबरलायस, ते सोडून दे. त्याने काही बिघडत नाही. स्ट्राँग असतं तर उन्हात धुरकट दिसतो का ते तपासायला सांगितलं असतं.

सर्टिफिकेटवरचा नंबर हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असेल तर तो भिंगातून दाखवायला सांग आणि संस्थेच्या वेबसाइटवर पडताळून घे. हे खडा सुटा असतानाच कर, एकदा बसला की नीट वजनही करता येत नाही.

प्रयोगशाळेतल्या हिऱ्याचं विचारलंयस. तो नकली नाही. तोच कार्बन, तीच रचना, तेवढाच कठीण; खडा हिऱ्याचा आहे का ते उष्णतेवरून तपासणाऱ्या पेनला दोन्ही सारखेच, फरक ओळखायला यंत्रं लागतात. तो खूप स्वस्त पडतो आणि त्याचे भाव गेल्या काही वर्षांत बरेच घसरलेत. तेवढ्याच पैशांत मोठा खडा हवा असेल तर खुशाल घे, फक्त कटची अट तिथेही सोडू नकोस आणि बिलावर तसं स्पष्ट लिहून घे. पण 'गुंतवणूक' हा शब्द दोन्ही बाबतींत डोक्यातून काढून टाक. सोन्याला रोजचा जाहीर भाव असतो, हिऱ्याला तसा नसतो. विकायला गेलास की घेतलेल्या किमतीपेक्षा बरंच कमी हाती येतं.

आणि घणाचे घाव सोसतो तो खरा हिरा, या समजुतीवर विसंबू नकोस. हिऱ्यावर ओरखडा सहज उठत नाही हे खरं, पण त्याच्यात चार दिशांनी दुभंगण्याच्या पातळ्या असतात आणि हातोडीने त्याचा चुरा होतो. वहिनी हाताने भरपूर काम करतात, म्हणून चारऐवजी सहा नख्यांची किंवा पूर्ण कोंदणाची अंगठी बघ. नख्या वर्षातून एकदा तपासून घे. धुवायला कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ ब्रश पुरे.

खडा बघून झाला की कळव.

तुझा,
विनय

ता.क. वहिनींच्या बोटाचं माप त्यांच्या नकळत घ्यायचं असेल तर त्यांची त्याच बोटातली एखादी अंगठी नेऊन दाखव. उजव्या-डाव्या हाताच्या बोटांत फरक असतो, तेव्हा हात कुठला ते आधी बघून घे. आणि थंडीत सकाळी माप घेऊ नकोस, तेव्हा बोटं आकसलेली असतात. नवी अंगठी रुंद पट्टीची असेल तर माप किंचित सैल सांग.