चौदावा मतदारसंघ गेला, त्याचीही दखल घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

श्री ठाणेदार यांच्याविषयी मराठी वृत्तपत्रांत गेल्या काही वर्षांत पुष्कळ छापून आलं. बेळगावात वाढलेला मुलगा अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात जाऊन बसतो याचं कौतुक व्हायलाच हवं आणि मलाही ते आहे. पण ज्या दिवशी त्यांची खासदारकीची मुदत सुरू झाली, त्याच दिवशी, म्हणजे ३ जानेवारी २०२३ रोजी, मिशिगन राज्यातला, डेट्रॉईट शहराचा काही भाग आणि उपनगरं मिळून झालेला चौदावा मतदारसंघ नकाशावरून पुसला गेला. त्याबद्दल मराठीत एक ओळही माझ्या वाचनात आलेली नाही. मी त्या मतदारसंघाचा मतदार होतो आणि या दोन घटना एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत असं मला वाटतं, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागा दर दहा वर्षांनी, जनगणनेनंतर, राज्यांमध्ये नव्याने वाटल्या जातात. मोटार कारखान्यांच्या भरभराटीत मिशिगनकडे १९ जागा होत्या. पुढे त्या १८, १६, १५, १४ अशा उतरत गेल्या आणि २०२० च्या जनगणनेनंतर १३ वर आल्या. राज्याची लोकसंख्या घटली होती असंही नाही. ती दहा वर्षांत साधारण दोन टक्क्यांनी वाढली होती, पण देशाची सात टक्क्यांहून जास्त वाढली आणि जागा गेली. डेट्रॉईट शहराची गोष्ट मात्र खरोखरच ओहोटीची आहे. १९५० मध्ये तिथे साडेअठरा लाख माणसं राहत होती, २०२० मध्ये जेमतेम ६ लाख ४० हजार उरली. जागा कमी झाली की शेवटचा क्रमांक रद्द होतो, तसा आमचा चौदावा गेला.

त्याची सुरुवात १९३२ च्या निवडणुकीपासूनची. कार्ल वाइडमन हे पहिले खासदार एकाच मुदतीपुरते होते. त्यांच्यानंतर आलेले लुई राबो मधली दोन वर्षं सोडली तर १९६१ मध्ये मृत्यू येईपर्यंत खासदार होते. अमेरिकेतली शाळकरी मुलं सकाळी ध्वजासमोर जी प्रतिज्ञा म्हणतात, तिच्यात ‘ईश्वराच्या छत्राखाली’ या अर्थाचे शब्द १९५४ मध्ये घातले गेले. त्यासाठीचा प्रतिनिधिगृहातला ठराव राबो यांचा होता. पुढे पोलिश वंशाचे लुसियन नेड्झी आले. १९७५ मध्ये गुप्तचर संस्थांच्या चौकशीसाठी प्रतिनिधिगृहाने समिती नेमली, तिचे ते पहिले अध्यक्ष होते. त्यांच्यानंतर १९९३ पर्यंत डेनिस हर्टेल. तोवर हा मतदारसंघ मुख्यतः गोऱ्या कामगारवस्त्यांचा आणि उपनगरांचा होता.

१९९३ च्या फेररचनेत क्रमांक तोच राहिला, माणसं बदलली. जॉन कॉनियर्स १९६५ पासून डेट्रॉईटच्या पहिल्या मतदारसंघाचे खासदार होते. नव्या नकाशात ते आणि त्यांचे बहुसंख्य कृष्णवर्णीय मतदार चौदाव्यात आले आणि पुढची वीस वर्षं तिथेच राहिले. म्हणून चौदाव्याचा इतिहास नुसत्या क्रमांकामागे जाऊन कळत नाही, तो या मतदारांच्या मागे जाऊन शोधावा लागतो.

तसा तो शोधला की रोझा पार्क्स भेटतात. गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिल्याबद्दल १९५५ मध्ये अटक झालेल्या पार्क्सबाई आपल्याकडे शाळेच्या पुस्तकांतून ठाऊक असतात. पुढे त्यांचं काय झालं हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीत नोकरी गेली, धमक्या येऊ लागल्या, तेव्हा १९५७ मध्ये त्या डेट्रॉईटला आल्या आणि शिवणकामावर पोट भरू लागल्या. १९६४ मध्ये पस्तिशीतले कॉनियर्स पहिल्यांदा उभे राहिले, तेव्हा त्यांच्या प्रचारासाठी डेट्रॉईटला या, म्हणून मार्टिन ल्यूथर किंग यांना गळ घातली ती पार्क्सबाईंनी. पक्षाचा उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक कॉनियर्स अगदी थोडक्या मतांनी जिंकले. निवडून आल्यावर त्यांनी पार्क्सबाईंना डेट्रॉईटच्या कार्यालयात नोकरीवर घेतलं आणि निवृत्तीपर्यंत, १९८८ पर्यंत, त्या तिथेच होत्या. फोन घ्यायचे, घरांच्या तक्रारी ऐकायच्या, शाळांत आणि इस्पितळांत जाऊन यायचं, हे त्यांचं रोजचं काम. त्यांना नोकरी दिली म्हणून कार्यालयात द्वेषाने भरलेली पत्रं यायची. जगभर नाव झालेली बाई तेवीस वर्षं गरिबांची गाऱ्हाणी उतरवून घेत बसली, यापेक्षा लोकप्रतिनिधीच्या कार्यालयाचं मोठं वर्णन मला सुचत नाही.

किंग यांची हत्या झाल्यावर चौथ्या दिवशी, एप्रिल १९६८ मध्ये, त्यांच्या जन्मदिनाची राष्ट्रीय सुटी असावी असं विधेयक कॉनियर्स यांनी मांडलं. ते कायद्यात उतरायला १९८३ साल उजाडलं. गुलामगिरीच्या भरपाईचा अभ्यास करण्यासाठी आयोग नेमा, हे विधेयक त्यांनी १९८९ पासून प्रत्येक नव्या प्रतिनिधिगृहात पुन्हा पुन्हा मांडलं, ते मंजूर झालं नाही. सर्वांसाठी सरकारी आरोग्यविम्याचं विधेयक त्यांनी २००३ मध्ये आणलं, ते चौदाव्याचेच खासदार असताना. त्यांचा शेवट मात्र चांगला झाला नाही. कार्यालयातल्या स्त्रियांनी केलेल्या लैंगिक छळाच्या आरोपांनंतर डिसेंबर २०१७ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. तेव्हा ते तेराव्या मतदारसंघात होते. इतिहास लिहायचा तर हेही लिहायला हवं, त्या स्त्रियांचं म्हणणं तळटीपेत ढकलून चालणार नाही.

आता नकाशाचं सांगतो, कारण तो मी स्वतः भोगला आहे. २०११ मध्ये राज्यात रिपब्लिकन पक्षाची सत्ता होती आणि नकाशा त्याच पक्षाने आखला. चौदावा मतदारसंघ सेंट क्लेअर सरोवराकाठच्या ग्रोस पॉइंटच्या बंगल्यांपासून निघायचा, डेट्रॉईटच्या वस्त्यांतून हॅमट्रॅम्कला यायचा, पुढे साउथफील्ड आणि आमच्या फार्मिंग्टन हिल्सपर्यंत पोहोचून पार उत्तरेला पाँटिअॅकला जाऊन थांबायचा. आम्ही शाळेच्या व्यायामशाळेत रांगेत उभं राहून काळ्या पेनाने मतपत्रिकेवरचा लंबगोल भरायचो. त्याच वेळी हॅमट्रॅम्कमधले बांगलादेशी आणि येमेनी कुटुंबांतले मतदार त्याच नावापुढचा लंबगोल भरत असायचे. आमचं रोजचं जगणं एकमेकांशी कुठेच जुळत नव्हतं. डेमोक्रॅटिक पक्षाची मतं एका जागी कोंबली की शेजारचे मतदारसंघ दुसऱ्या पक्षाला सोपे जातात, एवढाच त्यामागचा हिशोब. चौदाव्यात डेमोक्रॅटिक उमेदवाराला दरवेळी पाऊणपेक्षा जास्त मतं पडत. २०१२ मध्ये राज्यभरात प्रतिनिधिगृहासाठी त्या पक्षाला जास्त मतं मिळाली, पण १४ पैकी जागा मिळाल्या ५.

लोकांनी यावर उपाय काढला. २०१६ च्या निवडणुकीनंतर एका तरुण मुलीने फेसबुकवर टाकलेल्या चार ओळींतून चळवळ उभी राहिली आणि २०१८ मध्ये सुमारे ६१ टक्के मतदारांनी सीमा आखण्याचं काम आमदारांकडून काढून १३ सामान्य नागरिकांच्या आयोगाकडे दिलं. त्यात चार डेमोक्रॅटिक, चार रिपब्लिकन आणि पाच कोणत्याच पक्षाचे नसलेले. हा बदल मला मनापासून पटलेला आहे. तरीही नवा नकाशा आला तेव्हा चौदाव्याचे तुकडे झाले. साउथफील्ड बाराव्यात गेलं, आम्ही आणि पाँटिअॅक अकराव्यात गेलो, डेट्रॉईटचा बराचसा भाग तेराव्यात गेला.

शेवटच्या खासदार ब्रेंडा लॉरेन्स. टपालखात्यात तीसेक वर्षं नोकरी केलेल्या आणि साउथफील्डच्या पहिल्या कृष्णवर्णीय महापौर. आईच्या व्हिसाचं अडलं, नागरिकत्वाचे कागद रखडले, की इथला माणूस खासदाराच्या कार्यालयात जातो. आमच्यापैकी अनेकांना साउथफील्डच्या त्या कार्यालयाचा रस्ता पाठ होता. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी पुन्हा उभं न राहण्याचं जाहीर केलं.

आणि इथे ठाणेदार येतात. २०२२ मध्ये तेराव्यातल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत नऊ उमेदवार होते, बहुतेक कृष्णवर्णीय, त्यांत कॉनियर्स यांचा मुलगाही होता. मतं विभागली आणि स्वतःचा पैसा घालून लढणारे ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले. कृष्णवर्णीय नेते चार्ल्स डिग्ज १९५५ मध्ये याच तेराव्या क्रमांकाच्या मतदारसंघातून प्रतिनिधिगृहात गेले होते. तेव्हापासून डेट्रॉईटचा निदान एक तरी खासदार कृष्णवर्णीय असायचा. २०२३ मध्ये ती परंपरा तुटली. ज्या शहरात चारांतले तीन लोक कृष्णवर्णीय आहेत, तिथे याचं दुःख किती खोल असेल हे आपण समजून घ्यायला हवं. ठाणेदार रीतसर निवडून आले, त्यांचा यात काही दोष नाही. पण ‘मराठी झेंडा फडकला’ असा मथळा देताना ही दुसरी बाजू गाळणं त्या शहरावर अन्याय करणारं आहे. भारतातही आता जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना तोंडावर आहे, तेव्हा हा विषय आपल्या वाचकांना परका वाटणार नाही.

माझी विनंती एवढीच, की आपल्या रविवार पुरवणीत डेट्रॉईटच्या या मतदारसंघांवर एक सविस्तर लेख यावा. त्यात डिग्ज, कॉनियर्स, लॉरेन्स असावेत, पार्क्सबाईंची तेवीस वर्षं असावीत, २०११ चा आणि २०२१ चा असे दोन्ही नकाशे शेजारी शेजारी छापावेत. नकाशे राज्याच्या सरकारी संकेतस्थळावर मिळतात, आणि गावांची नावं मराठीत लिहून द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक वाचक, फार्मिंग्टन हिल्स, मिशिगन