तुझी आमसुली लिपस्टिक मिळाली गं

टोरोंटो, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुमे,

तुझी यादी पर्समध्ये घडी घालून घालून जुन्या नोटेसारखी मऊ पडलीये. पहिलीच ओळ वाचून सूनबाई हसत सुटली, "आमसुली रंगाची लिपस्टिक, पण काळपट नको आणि विटकरीकडे झुकणारी तर मुळीच नको". आता आमसूल म्हणजे काय ते इथल्या पोरींना कसं समजवायचं सांग. तरी मिळाली बरं का. सांगतेच सगळं, पण आधी बाकीचं ऐक, कारण फोनवर तुझ्याशी धड बोलणं होत नाही, मी मोकळी होते तेव्हा तुझी पहाट असते नाहीतर मागे कुकरच्या शिट्ट्या चालू असतात.

पहिली गोष्ट म्हणजे इथं वस्तूवर लावलेली किंमत ही खरी किंमत नसतेच. पहिल्याच दिवशी एक स्वेटर घेतला, चिठ्ठीवर २९.९९ डॉलर. मी शहाणी तीस डॉलर मोजून हातात धरून उभी, तर काउंटरवरची पोरगी म्हणते ३३.९०. वर १३ टक्के एचएसटी म्हणजे इथला विक्रीकर, तो बिल करताना लावतात. आपल्याला एमआरपीची सवय, त्यात सगळं आलं. आणि त्यातही गंमत म्हणजे हिशोबाने ३३.८९ होत होते, पण एक सेंटचं नाणं यांनी २०१३ पासून बंद केलंय म्हणून रोख दिले की पाचाच्या पटीत करतात, कार्ड दिलं असतं तर तो सेंट वाचला असता. मी एका सेंटसाठी हळहळले म्हणून मुलगा अजून चिडवतोय. तुझा भाचा म्हणाला होता ना, टुरिस्टला टॅक्स परत मिळतो, ते जुनं झालं, २००७ मध्येच बंद केलं, त्याला सांग. आणि प्रत्येक किमतीला मनातल्या मनात साठने गुणून रुपये करायची माझी खोड काही जात नाही, गुणलं की हातातली वस्तू आपोआप खाली ठेवली जाते. सूनबाई म्हणते आई, गुणाकार बंद करा नाहीतर तुम्ही नुसतं पाणी पिऊन परत जाल.

कपड्यांचं म्हणशील तर बाहेर थंडी आणि दुकानात हीटिंग असं की घाम फुटतो. मग काय, कोट काढून हातावर, मफलर खांद्यावर, टोपी पर्समध्ये कोंबलेली, आणि एवढा बोजा सांभाळत हँगर सरकवायचे. बरं हवा इतकी कोरडी की ट्रायल रूममध्ये स्वेटर डोक्यावरून काढला की चट् चट् आवाज आणि केस सगळे उभे, बाहेर येऊन दाराच्या मुठीला हात लावला तर शॉक. मला वाटलं वायरिंग खराब आहे! सूनबाई म्हणाली स्टॅटिक हो आई, इथं रोजचंच आहे.

या कोरडेपणापायी हात तर मगरीसारखे झालेत. इथली औषधांची दुकानं म्हणजे शॉपर्स ड्रग मार्ट वगैरे, नाव औषधांचं पण आत शिरल्याशिरल्या सगळा मेकपच, औषधं पार मागच्या टोकाला. तिथून क्रीम आणलं. शाम्पू पण मीच निवडला आणि त्यात फजिती केली. इथं प्रत्येक बाटलीवर इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही असतं, फळीवर माझ्याकडे तोंड होतं फ्रेंच बाजूचं, त्यावर रिव्हायटल का कायसंसं लिहिलेलं, म्हटलं केसांना टवटवी येत असेल. चार दिवस डोकं चोळतेय, फेस म्हणून येईना, केस तेल लावल्यासारखे चप्प. शेवटी सुनेने बाटली फिरवून दाखवली. फ्रेंचमध्ये कंडिशनरला रिव्हायटलिझां म्हणतात म्हणे. चार दिवस मी कंडिशनरने न्हात होते गं.

ईटन सेंटर पाहिलं, ते मोठं मॉल. वर लांबच लांब काचेचं छप्पर आणि त्याखाली रानहंसांचा थवा टांगलाय, मायकल स्नो नावाच्या शिल्पकाराचा. मुलाने त्याची गोष्ट सांगितली, १९८२ च्या ख्रिसमसला मॉलवाल्यांनी त्या हंसांच्या गळ्यात लाल रिबिनी बांधल्या, तर हा बाबा कोर्टात गेला की माझ्या शिल्पाची थट्टा चालवलीय, आणि जिंकला, रिबिनी उतरवायला लावल्या! मला तर तिथल्या कपड्यांपेक्षा हेच जास्त आवडलं. कपडे तेच गं, तेच ब्रँड जे आपल्याकडच्या मॉलमध्ये पण आलेत.

त्याच्या समोरच हडसन्स बेचं जुनं मोठं दुकान, ते मात्र बंद. १६७० सालची कंपनी, बीव्हरच्या कातड्यांच्या व्यापारातून सुरू झालेली, आणि या जूनच्या पहिल्या तारखेला शेवटची दुकानं पण मिटली. मुलगा शिकायला आला तेव्हा पहिला थंडीचा कोट तिथूनच घेतला होता, सांगताना जरा गप्पच झाला. त्यांची ती पांढऱ्या लोकरीची, हिरव्या-लाल-पिवळ्या-निळ्या पट्ट्यांची ब्लँकेट इथं घरोघर असतात म्हणे, आपली सोलापुरी चादर असते तशी.

आता खरी मजा. केन्सिंग्टन मार्केट म्हणून एक भाग आहे, जुनी रंगीबेरंगी घरं, आणि घराच्या पुढच्या खोलीतच दुकान, कपड्यांचे स्टँड थेट अंगणात मांडलेले. सगळं जुनं, वापरलेलं. व्हिंटेज म्हणायचं, जुनं म्हणायचं नाही. मी आधी नाक मुरडलं, कोणाचे कपडे कोण जाणे. आपण बोहारणीशी तासभर घासाघीस करून सहा साड्या देऊन एक पातेलं घेणार, आणि इथं तेच कपडे लोक पैसे मोजून नेतात! आणि ऐक, एका स्टँडवर गुंडाळायचे घागरे लटकवलेले, हात लावला तर सिल्क, उलटून बघते तर साडीचा काठ. आपल्याच जुन्या साड्यांचे घागरे गं! एकाला पदराची किनार तशीच ठेवलेली आणि आतून पिकोचा दोरा सुटलेला, कोणीतरी तो परत हाताने घातलेला, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने. किती वेळ तो टाका बघत उभी राहिले. पस्तीस डॉलर. गुणाकार केला आणि ठेवला. रात्री वाटलं घ्यायला हवा होता.

बरं, लिपस्टिक. सूनबाई म्हणाली मॅकमध्येच जाऊ, ती इथलीच, टोरोंटोची कंपनी. मला अमेरिकेची वाटायची. १९८४ मध्ये दोन फ्रँकनी सुरू केली, फ्रँक टोस्कन आणि फ्रँक अँजेलो, एक मेकप करणारा आणि फोटोग्राफर, दुसऱ्याचं सलून होतं, फोटोंसाठी हवे तसे रंग बाजारात मिळेनात म्हणून स्वतःच बनवायला लागले. आता मालकी एस्टी लॉडरकडे आहे ते सोड.

काउंटरवरची पोरगी तमिळ, आईबाप श्रीलंकेचे, ती टोरोंटोतल्याच स्कारबरो भागात वाढलेली. मी तिला आमसुलाची गोष्ट सांगायला लागले की एक आंबट फळ असतं, वाळवतात, आमटीत टाकतात, तर तिने शांतपणे हाताच्या मागच्या बाजूला चार रेघा मारल्या आणि तिसऱ्या रेघेला मी ओरडलेच, हेच! डिवा नाव आहे. भिजवलेल्या आमसुलाचं पाणी उजेडात धरल्यावर दिसतं ना, डिट्टो तसा.

मग ती म्हणाली, मॅम, तुमचं फाउंडेशन कुठलं? मी म्हटलं घरून आणलेलं आहे. तिने काही बोलून दाखवलं नाही, फक्त कापूस ओला करून माझ्या गालाची एक बाजू पुसली. मग जबड्याच्या हाडावर तीन पट्ट्या ओढल्या आणि मला हाताला धरून दाराशी उजेडात नेलं, आरसा दिला. दोन पट्ट्या दिसत होत्या. तिसरी दिसतच नव्हती, मला वाटलं पुसली गेली. ती म्हणे नाही मॅम, तीच तुमची. छटेचा नंबर एनसी ४४.

सुमे, मेनरोडवरच्या त्या दुकानात तीस वर्षं मला "ताई हा घ्या, यात उजळ दिसाल" म्हणून डबीमागून डबी दिलीय, आणि मी पण घेतलीय, नंबर कधी विचारला नाही. माझ्या लग्नातले फोटो आठवतात ना, तोंड एका बाईचं आणि मान दुसरीची. तूच म्हणाली होतीस, पिठाच्या गिरणीतून थेट मांडवात आलीस का. तेव्हा रागावले होते तुझ्यावर. त्या दिवशी हसत हसत डोळ्यात पाणी आलं, त्या बिचारीला वाटलं डोळ्यात काही गेलं, टिश्यू घेऊन धावली.

घेतली बाटली. यावेळी गुणाकार केला आणि तरी घेतली. शनिवारी इथल्या मराठी मंडळाची दिवाळी होती (हो, दिवाळी होऊन गेल्यावर, हॉल मिळेल तेव्हा दिवाळी), पैठणीच्या आत थर्मल, खाली बूट, आणि तोंडाला एनसी ४४. एकीने विचारलं काय लावत नाही का काही तुम्ही? एवढा आनंद झालाय मला.

बाकी यादीतलं काजळ राहिलंय, ते तुझं तूच घे, आपल्याकडचं चांगलं आहे. ते सीरम आणलंय दोन बाटल्या, सूनबाईच्या मते रोज दोन थेंब पुरतात, तू वाटीभर थापू नकोस. बॅगेचं वजन काट्यावर २१ किलो भरलंय, २३ ची मर्यादा, म्हणजे घागऱ्याला जागा आहे अजून, बघते.

आणि हो, तुझा फोटो त्या पोरीला दाखवला होता मोबाईलवर, म्हटलं हिचा पण नंबर सांग. मान हलवून म्हणाली फोटोवरून नाही सांगत, त्यांनाच घेऊन या.

तुझीच,
मंदी

ता.क. लिपस्टिक मी एकदाच लावून बघितली आहे. एकदाच. दोनदा.