गच्चीवरच्या शेगडीसाठी

मेलबर्न

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

मार्गशीर्षातले गुरुवार आटोपले की गच्चीवर मटण-चिकन भाजायला कोळशाची शेगडी पेटवायचं भाऊजींनी ठरवलंय, हे वाचून जीव सुपाएवढा झाला. निखारे त्यांनी सांभाळावेत, पण मसाल्याचं तू बघ. सगळी चव तिथेच ठरते.

मटण मांडीचं घे, हाडाविना. खाटकाकडूनच इंच-दीड इंचाचे तुकडे करून आण. अर्धा किलोला मोठा चमचाभर कच्ची पपई वाटून लाव. तिच्यातलं पपेन मटणाचे धागे सैल करतं. पण दोन-तीन तासच, बरं का. रात्रभर ठेवलंस तर तुकडा वरून पिठूळ होतो आणि शिगेवर टिकत नाही. चिकनला पपई नकोच, त्याला दही पुरतं.

दही म्हणजे चक्का, श्रीखंडाला बांधतेस तसा. पाणी राहिलं तर मसाला निखाऱ्यावर गळतो आणि मांस भाजायचं सोडून वाफेवर शिजत बसतं. आधी मीठ, लिंबू, आलं-लसूण चोळून अर्धा तास ठेव. मग चक्का, कडकडीत तापवून गार केलेलं मोहरीचं तेल, रंगाला काश्मिरी मिरची आणि लालबागहून दळून आणलेला आपला मसाला. त्यातलं दगडफूल निखाऱ्यावर असं काही घमघमतं! मुरायला मात्र फ्रिजमध्येच ठेव.

इथे बागांमध्ये विजेचे सार्वजनिक तवे असतात, फुकट. बटण दाबायचं आणि भाजायचं. सोय मोठी छान, पण तव्यावर रस पसरतो, धूर लागत नाही. म्हणून मी मागच्या अंगणात कोळसाच पेटवतो.

भाऊजींना सांग, ज्वाळा बसू देत. कोळशावर पांढरी राख धरली की मगच शिगा ठेवायच्या. कुलाब्याला बडेमियाँकडे आपण बघायचो ना, तसं निखाऱ्यावर भाजायचं, जाळावर नाही. कडा काळपट व्हायला लागल्या की तुपाचा हात फिरवायचा. चरचर आवाज येतो आणि तो धूर पुन्हा तुकड्यांनाच लागतो. कच्च्या मांसाचा उरलेला मसाला वरून फासू नका. चिकनच्या मधल्या भागाचं तापमान 74 अंशांवर जायला हवं. तापमान मोजायचा काटा नसेल तर जाड तुकडा कापून बघ, आत गुलाबी दिसता कामा नये.

बाबांच्या दातांना मटणाचे तुकडे झेपायचे नाहीत. त्यांच्यासाठी खिम्यात भाजलेलं डाळीचं पीठ घालून कबाब कर, आणि पहिली शीग त्यांनाच दे.

तुझा,
धाकटा